वॉरंटी न देता पाळलेला शब्द

१/
अमेरिकेतील ‘स्टर्म, रूगर अँड कंपनी’ ही पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे बनवणारी प्रसिद्ध कंपनी. तिच्या माहितीपुस्तिकेत एक चमत्कारिक मजकूर आढळतो: नव्या शस्त्रासोबत वॉरंटी कार्ड का दिलेले नाही, याचे स्पष्टीकरण. ही कंपनी लेखी वॉरंटी देतच नाही. आणि तीच कंपनी १९५३ ते १९७२ या काळात बनवलेल्या आपल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत सुरक्षेचे नवे भाग विनामूल्य बसवून देण्याची योजना १९८२ पासून चालवत आली आहे. कागदावर शब्द नाही, पण कामात आहे. या विसंगतीमागे जवळपास पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. आजचा थ्रेड त्याविषयी. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

२/
मी तंत्रज्ञानाच्या इतिहासाची विद्यार्थिनी आहे. शस्त्रांच्या इतिहासाचे आपले वाचन बहुधा लढायांभोवती फिरते. वस्तू विकली गेल्यावर, ती बिघडल्यावर, तिने मालकालाच दगा दिल्यावर काय होते, याकडे आपण क्वचित पाहतो. आपल्याकडे तलवारीची देखभाल शिकलगार करीत असे. पाते युरोपातून आलेले ‘फिरंग’ असो वा इथेच घडवलेले, धार लावणारा, गंज काढणारा, मूठ पक्की करणारा माणूस गावातला वा छावणीतला असे. पाते घडवणाऱ्याशी तलवार बाळगणाऱ्याचे पुढे काही नाते उरत नसे. कारखान्याच्या युगात हे नाते नव्याने जुळवावे लागले, आणि ते जुळवताना बरीच माणसे जायबंदी झाली.

३/
१८४७ पासून सुरुवात करू. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध पेटले होते. सॅम्युअल कोल्टचा पॅटर्सन येथील पहिला कारखाना काही वर्षांपूर्वीच बुडाला होता. अशा वेळी सरकारकडून एक हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी आली. कोल्टने ती कनेटिकटमध्ये, एली व्हिटनी धाकटा याच्या कारखान्यात बनवून घेतली. हे ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर वजनाला सुमारे दोन किलो भरे. त्याच्या फिरत्या चक्रातील प्रत्येक घरात ६० ग्रेन, म्हणजे जवळपास चार ग्रॅम दारू मावत असे. एवढा स्फोट दरवेळी सोसण्याइतके त्या काळचे लोखंड भरवशाचे नव्हते. कित्येक रिव्हॉल्व्हरांची चक्रे फुटली आणि ती दुरुस्तीसाठी परत आली.

४/
कोल्टने यावर दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी ‘ड्रॅगून’ हे सुधारित रिव्हॉल्व्हर आले: चक्र आखूड, दारू कमी. परत आलेल्या मालाने नव्या मालाची रचना ठरवली. दुरुस्तीचे टेबल ही कारखान्याची खरी परीक्षा घेणारी जागा असते, याचा हा एक आरंभीचा दाखला. इथे ग्राहक कोण होता, हेही ध्यानात घ्या. ग्राहक सरकार होते. एका मागणीत हजार नग घेणाऱ्याची तक्रार कुणी कानाआड करत नाही.

५/
दुरुस्तीचा सारा व्यवहार सुट्या भागांवर चालतो. कोल्टचे भाग एकमेकांशी बदलता येतात, अशी त्या काळी मोठी ख्याती होती. प्रत्यक्षात कारागीर ते कानशीने घासून एकमेकांना जुळवत, आणि एका शस्त्राचे भाग दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून मुख्य भागांवर अनुक्रमांक ठोकत. शस्त्रावरच्या क्रमांकाकडे आज आपण पोलिसांच्या नजरेने पाहतो. त्याचा एक मूळ उपयोग मात्र असा घरगुती होता: कुठला भाग कुणाचा, हे कारागिराला कळावे. हा क्रमांक थ्रेडच्या शेवटी पुन्हा भेटेल.

६/
आता थोडी यंत्ररचना. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरासारख्या ‘सिंगल अ‍ॅक्शन’ शस्त्रात दरवेळी मागचा घोडा अंगठ्याने चढवावा लागतो. मग चाप ओढला की तो आदळून बार उडतो. घोडा पूर्ण खाली टेकलेला असताना त्याचा भार टोचणीमार्गे थेट समोरच्या काडतुसाच्या प्राइमरवर येतो. असे भरलेले रिव्हॉल्व्हर हातातून सुटून घोड्यावर पडले, तर चाप न ओढताही बार होऊ शकतो. म्हणून जाणते लोक सहापैकी पाचच घरे भरत आणि घोड्यासमोर रिकामे घर ठेवत. दोष यंत्रात होता, त्याचा बंदोबस्त मालकाच्या सवयीवर सोपवला होता.

७/
याला उपाय ठाऊक नव्हता असे नाही. मॅसॅच्युसेट्समधील ‘आयव्हर जॉन्सन’ कंपनीने १८९० च्या दशकातच आपल्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये एक छोटी सरकती पट्टी बसवली होती. चाप ओढला तरच पट्टी वर येते आणि घोड्याचा आघात टोचणीपर्यंत पोहोचवते. चाप ओढला नसेल, तर घोड्यावर काही आदळले तरी टोचणी जागची हलत नाही. हिलाच ‘ट्रान्सफर बार’ म्हणतात. घोड्यावर हातोडी मारून पाहा, असे आवाहन कंपनीच्या जाहिरातींत असे. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते, स्वस्त शस्त्रांतही वापरात होते. ते सर्वत्र पोहोचायला पुढे पाऊण शतक लागले.

८/
विलंबाचे कारण समजून घ्यायला १९४४ ची एक घटना उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धात ‘स्मिथ अँड वेसन’ कंपनी अमेरिकी नौदलाला ‘व्हिक्टरी’ रिव्हॉल्व्हरे पुरवत होती. त्यात घोडा अडवणारा एक भाग होताच. पण एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडले, त्यातून गोळी सुटली आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. सरकारने जाब विचारला. कंपनीने त्या भागाची रचना थोड्याच काळात बदलली आणि सुधारित शस्त्रांच्या क्रमांकामागे ‘एस’ अक्षर जोडले. पुन्हा तेच: ग्राहक बलाढ्य, म्हणून उत्तर तातडीचे. हाच प्रश्न एखाद्या शेतकऱ्याने पत्र लिहून विचारला असता तर?

९/
त्या शेतकऱ्याची गोष्ट १९५३ मध्ये सुरू होते. १९४९ साली विल्यम रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी कनेटिकटमधील साउथपोर्ट येथे कंपनी काढली. स्टर्म १९५१ मध्ये वारले. अमेरिकेत तेव्हा काउबॉय चित्रपटांची आणि दूरचित्रवाणी मालिकांची लाट होती, पण कोल्टने आपले १८७३ चे जुने रिव्हॉल्व्हर बनवणे महायुद्धाच्या सुमारास थांबवलेले होते. रूगर यांनी ही पोकळी ओळखली. १९५३ मध्ये ‘सिंगल-सिक्स’ आणि १९५५ मध्ये ‘ब्लॅकहॉक’ बाजारात आले. आतल्या स्प्रिंगा आधुनिक, पोलाद उत्तम, रूप मात्र जुने. जुन्या रूपाबरोबर जुना धोकाही आला: घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवायचे, हे ज्याला माहीत त्याला माहीत.

१०/
इथे कायद्याचे दोन तुकडे पाहावे लागतात. पहिला १९७२ चा. त्या वर्षी अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेसाठी केंद्रीय आयोग स्थापन करणारा कायदा झाला. शस्त्रे आणि दारूगोळा त्यातून वगळले गेले. सदोष मोटार परत बोलावण्यास केंद्रीय यंत्रणा कंपनीला भाग पाडू शकते. सदोष खेळण्यावरही कारवाई होते. खेळण्यातील बंदूक आयोगाच्या कक्षेत आली, खरी बंदूक आली नाही. सदोष पिस्तूल परत मागवा, असा हुकूम देऊ शकेल अशी केंद्रीय यंत्रणाच त्या देशात नाही. जे होईल ते कंपनीच्या इच्छेने, नाहीतर न्यायालयाच्या धाकाने.

११/
दुसरा तुकडा १९७५ चा, मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. वॉरंटी द्यावीच, अशी सक्ती हा कायदा करत नाही. पण लेखी वॉरंटी दिलीत, तर ती ‘संपूर्ण’ की ‘मर्यादित’ हे ठळकपणे सांगा, आणि ‘संपूर्ण’ म्हणत असाल तर किमान निकष पाळा, असे तो बजावतो. ग्राहकाला फसव्या आश्वासनांपासून वाचवणे हा हेतू. रूगर कंपनीने यातून वेगळाच मार्ग काढला: या कायद्याच्या अटींत शिरण्यापेक्षा लेखी वॉरंटीच नको. पहिल्या पोस्टमधील चमत्कारिक मजकुराचे मूळ हे. दुरुस्तीचा विभाग मात्र चालू राहिला. हक्काच्या जागी सौजन्य आले. सौजन्य उदार असू शकते, पण ते मागता येत नाही.

१२/
मग धाक कुठून आला? न्यायालयातून. १९७३ मध्ये कंपनीने ‘न्यू मॉडेल’ आणले, त्यात ट्रान्सफर बार होता. आता सहाही घरे निर्धास्त भरता येत होती. पण त्यापूर्वी विकली गेलेली जुनी रिव्हॉल्व्हरे लोकांच्या कपाटांत, गाडीत, कमरेला होतीच. अलास्कात एका माणसाचे जुने रूगर रिव्हॉल्व्हर रिकामे करताना हातातून निसटले आणि गोळी त्याच्या पायात शिरली. ज्यूरीने भरपाईखेरीज सुमारे २९ लाख डॉलरचा दंडात्मक हर्जाना ठोठावला. १९७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम अवाजवी ठरवली. पण त्याच निकालात हेही नोंदले गेले की, कंपनीतील वरिष्ठांना दोष ठाऊक होता आणि वाढीव खर्चामुळे रचना बदलण्यात दिरंगाई झाली, असे म्हणण्यास पुरावा होता.

१३/
१९८२ मध्ये कंपनीने योजना जाहीर केली. जुने रिव्हॉल्व्हर पाठवा. ट्रान्सफर बारसह नवे भाग बसवून विनामूल्य परत करू. मालक पहिला की पाचवा, पावती आहे की नाही, याला महत्त्व नाही. अमेरिकेतील १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानेही सोय ठेवली होती: दुरुस्तीला आलेले शस्त्र कंपनी ज्याच्याकडून आले त्याला थेट परत पाठवू शकते, मध्ये दुकानदार लागत नाही. आणि या योजनेतील मला सर्वांत भावलेला तपशील असा: काढलेले मूळ भागही मालकाला परत मिळतात.

१४/
मूळ भाग परत का द्यायचे? कारण संग्राहकांच्या बाजारात अस्पर्शित जुन्या रूगरची किंमत अधिक असते. दुरुस्ती म्हणजे मूळपणाला बट्टा, अशी तिथली धारणा. परत दिलेल्या भागांमुळे वस्तूचा इतिहास हरवत नाही, आणि वापरणाऱ्याचा पायही वाचतो. संग्रहालयातील जतनकलेचा एक पायाभूत नियम असा आहे की, केलेला बदल उलटवता यावा. एका कारखान्याच्या ग्राहकसेवेने, बहुधा निव्वळ व्यवहारी हिशेबाने, तोच नियम पाळलेला दिसतो. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. जे उलटवता येते, ते कुणीतरी उलटवतेच. काही मालक जुने भाग पुन्हा बसवतात, आणि तसे शस्त्र पुढे विकले जाते.

१५/
याविषयी माझ्या मार्गदर्शक मॅडमशी माझा बराच वाद झाला. अस्सल वस्तू हाच आपला पुरावा, तो कुणी बदलू नये, असा माझा आग्रह होता. त्यांनी शांतपणे विचारले, “अगं, तुझ्या घरच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मूळचाच आहे का?” आमचा कुकर आईच्या लग्नातला. त्याची रिंग कितीदा बदलली याची गणती नाही. व्हॉल्व्ह आई स्वतः बोहारआळीतून आणून बदलते. तो जुना जपून ठेवावा, असे घरात कुणाच्या मनातही आलेले नाही. मॅडम म्हणाल्या, “वस्तू वापरात आहे तोवर तिचे पहिले देणे वापरणाऱ्याशी असते. आपला नंबर नंतरचा.” हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवले आहे आणि अजून त्याच्याशी झगडते आहे.

१६/
योजना चांगली, पण ती कुणाला कळवायची? पोलाद सत्तर-ऐंशी वर्षे सहज टिकते. तेवढ्या काळात रिव्हॉल्व्हर बापाकडून मुलाकडे, तिथून शेजाऱ्याकडे, तिथून बाजारात जाते. अमेरिकेत शस्त्रधारकांची सर्वसाधारण केंद्रीय नोंदवही नाही. १९८६ च्या एका कायद्याने ती तयार करण्यास मनाईच केली. कंपनीला पहिला व्यापारी ठाऊक असतो, आजचा मालक नसतो. म्हणून शिकार-नेमबाजीच्या मासिकांत जाहिराती द्याव्या लागल्या. दिलेला शब्द पोहोचवायलाही पत्ता लागतो, आणि तो पत्ता कायद्याने मुद्दाम कोरा ठेवला होता.

१७/
यावर रूगरने शोधलेला उपाय नळीवर दिसतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नव्या शस्त्रांच्या नळीवर एक लांबलचक ओळ उमटवली जाऊ लागली: वापरण्यापूर्वी पुस्तिकेतील सूचना वाचा, पुस्तिका साउथपोर्टच्या पत्त्यावर विनामूल्य मिळेल. शौकीन या ओळीची चेष्टा करतात. देखण्या नळीचे मातेरे केले म्हणतात. मला मात्र ही ओळ शिलालेखासारखी वाटते. कागद हरवतो, मालक बदलतो, पण धातूवरचा मजकूर वस्तूबरोबर प्रवास करतो. ताम्रपट वाचणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की, ताम्रपट हक्क नोंदवतो. ही ओळ सावध करते, आणि उद्या खटला उभा राहिलाच तर आम्ही सांगितले होते, याची सोयही करून ठेवते.

१८/
अशा प्रसंगी कंपन्या कोणते शब्द निवडतात, हाही अभ्यासाचा विषय आहे. १९८२ च्या योजनेचे नाव ‘कन्व्हर्जन’, म्हणजे रूपांतर. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकी लष्कराने ‘सिग साउअर’ कंपनीच्या पी३२० वर आधारलेले पिस्तूल निवडले. ऑगस्टमध्ये, नागरी बाजारातील पी३२० विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटू शकते, असे चाचण्यांतून दिसल्यावर कंपनीने विनामूल्य बदल देऊ केला. त्याचे नाव ‘ऐच्छिक अपग्रेड’. उलट २००८ मध्ये रूगरने आपल्या एसआर९ पिस्तुलासाठी सरळ ‘रिकॉल’ हाच शब्द वापरला. ‘अपग्रेड’ ऐकून माणूस सवडीने करू म्हणतो. ‘रिकॉल’ ऐकून तो शस्त्र लगेच बाजूला ठेवतो. शब्दाच्या निवडीने पार्सल लवकर निघते किंवा महिनोन्‌महिने निघतच नाही.

१९/
२००५ च्या एका अमेरिकी कायद्याने शस्त्र-उत्पादकांना मोठे संरक्षण दिले: त्यांच्या शस्त्राने दुसऱ्या कुणी गुन्हा केला, तर त्याबद्दलचे बहुतेक दावे उत्पादकावर चालत नाहीत. पण त्यात अपवाद ठेवले आहेत. रचनेतील वा निर्मितीतील दोषामुळे झालेली इजा हा एक. करार किंवा वॉरंटीचा भंग हा दुसरा. राजकारणाने बाकी दारे लोटून घेतली, तरी विकणारा आणि विकत घेणारा यांच्यातले जुने दार उघडे राहिले. ज्या कंपन्या लेखी वॉरंटी देतच नाहीत, त्यांच्याकडे या अंगाने पाहिले की १९७५ नंतरच्या त्या निर्णयाचे वजन कळते.

२०/
भारतात चित्र अगदी वेगळे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बाळगण्यासच नव्हे, तर व्यवसाय म्हणून त्याची दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. म्हणजे दुरुस्ती करणाराही राज्यसत्तेच्या नोंदीत येतो. इथे मालकाचा पत्ता सापडतो, हरवलेला असतो तो उत्पादक. बर्मिंगहॅमच्या ‘वेब्ली अँड स्कॉट’ने १९७९ मध्ये तिथली शस्त्रनिर्मिती बंद केली, पण तिची जुनी रिव्हॉल्व्हरे परवान्यावर इथे राहिली. सुटा भाग मागायला कारखाना नाही. अशी वस्तू परवानाधारक कारागिराच्या टेबलावर पोहोचते, तेव्हा शिकलगाराचे युग परत आल्यासारखे होते: घडवणारा नाहीसा झालेला, समोर फक्त जाणता हात.

२१/
आता तो क्रमांक. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या जुन्या रवानगी-वह्यांतून क्रमांकावरून शोध घेता येतो. शुल्क भरले की अमुक शस्त्र कधी व कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झाले, याचे अधिकृत पत्र मिळते. वह्या ठेवल्या त्या हिशेबासाठी. आज त्या अभिलेखागार आहेत. शस्त्र कुठे गेले, हे त्या सांगतात. परत का आले, त्यात कोणता भाग बदलला, कुणी पत्रात काय तक्रार लिहिली, ही बाजू शोधणे अधिक कठीण, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची. निर्मितीच्या नोंदी अभिमानाने जपल्या जातात, तर दुरुस्तीच्या नोंदींत कारखान्याचे अपयश लिहिलेले असते.

२२/
म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी संग्रहालयात एखादे शस्त्र, घड्याळ वा शिवणयंत्र पाहाल, तेव्हा ‘मूळ’ या शब्दावर थोडा संशय घ्या. बदललेला स्क्रू, नवी स्प्रिंग, दुसऱ्याच हाताची कानस शोधा. कुणाला इजा झाल्यावर हा बदल झाला, त्याचा खर्च कुणी सोसला, आणि तो बदल करायला किती वर्षे लागली, हे विचारा. ट्रान्सफर बारच्या बाबतीत उत्तर आहे: शोध १८९० च्या दशकात, रूगरच्या नव्या रिव्हॉल्व्हरांत १९७३ मध्ये, जुन्यांसाठी १९८२ पासून. या तीन तारखांच्या मधल्या जागेत ज्यांना गोळी लागली, त्यांची नावे कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाहीत.

२३/
तुमच्या घरी जुन्या यंत्रांची गॅरंटी कार्डे, दुरुस्तीच्या पावत्या, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार पडून असेल, तर रद्दीत घालू नका. नीट फोटो काढा, मागे तारीख व ठिकाण लिहून ठेवा. लढायांचे तह जपायला दफ्तरखाने आहेत. कारखाना आणि ग्राहक यांच्यातले हे छोटे तह मात्र आपल्या कपाटांतच आहेत.

थ्रेड समाप्त. प्रश्न असतील तर खाली जरूर विचारा.